पटावर

आमच्या हायस्कुलाला कुलूप लागलं तेव्हा
पटावर नऊ पोरं होती.
नऊ म्हणजे काहीच नव्हेत, साहेब म्हणाले,
आणि बाकं टेम्पोत घालून खाडीपलीकडे नेली.

मग दीक्षिताचं नाव घातलं सरकारी ऑनलाइन शाळेत.
फी नाही. लॅपटॉप सही करून मिळतो,
दहावी झाली की पुसून परत द्यायचा.
फॉर्मवर रकाना होता: घरचा मार्गदर्शक.
त्याखाली: शिक्षण.
मी लिहिलं, चौथी.
वाटलं, हसेल. मशीनने पुढचं पान उघडलं.

जूनमध्ये एसटीच्या पार्सलने खोका आला.
पुस्तकं, भिंग, लिटमसचे कागद,
दोन परीक्षानळ्या, एक वाटेत फुटलेली.
लाल कागद तिने माझ्या कोळंबीच्या पाण्यात बुडवला,
तो निळा झाला.
"कालची आहे," ती म्हणाली,
थेट गिऱ्हाइकासारखी.

रेंज फक्त जेटीवर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला.
साडेआठला तिथे शाळा भरते:
एक प्लास्टिकची खुर्ची, एक पालथा क्रेट,
क्रेटवर बेचाळीस पोरं.
चेहरा कुणालाच नाही, चेहऱ्याने नेट फार खातं,
नुसत्या गोल टिकल्या, टिकलीत नावाचं पहिलं अक्षर.
आमच्या टिकलीचा माईक बंद.
शेजारी लाद्या फुटत असतात.

माझं काम नवाच्या आत "हजर" दाबायचं,
शनिवारी अभ्यासाचे तास भरायचे.
खरे भरायचे.
एकदा वीसच्या जागी अकरा भरले
तर भूगोलाच्या कोरेटी बाईंचा फोन, पार कुरखेड्याहून.
रागवायला नव्हे. "ताई, काय अडलं?"
मी म्हटलं, पापलेट आलं होतं.
त्या जरा थांबल्या. म्हणाल्या,
आमच्याकडे मोहाच्या दिवसांत असंच होतं.

कार्तिकात दीक्षिता तापाने पडली.
"गैरहजर" दाबून मी उठणारच होते,
पण खुर्ची मांडलेली होती
आणि बाई भरती-ओहोटी शिकवत होत्या,
जन्मात समुद्र न पाहिलेल्या बाई.
चंद्र इथे, सूर्य तिथे, मध्ये काटकोन,
अष्टमीला पाणी कमी चढतं, म्हणाल्या,
त्याला तिकडे काही म्हणत असतील ना कुणी?
माझं बोट कुठे लागलं, देव जाणे.
"भांग," मी म्हटलं. "भांगाचं पाणी.
होडी वर ओढलेली असली तर चिखलातच बसून राहते,
उधाणाची वाट बघत."
मागे लादी फुटली, ती अख्ख्या वर्गाला ऐकू गेली.
टिकल्या गप्प.
मग बाई: "सावकाश सांगा. लिहून घेते."

दीक्षिता दोन दिवस बोलली नाही.
"वर्गात बोललीस? माझ्या नावाने?"
तिच्याच नावाने. तिथे दुसरं होतं कुठलं.

परीक्षा मात्र रत्नागिरीला, खऱ्या बाकावर बसून.
पहाटेची गाडी, डब्यात घावन, हॉल तिकिटाच्या तीन झेरॉक्स.
केंद्राबाहेर चिंचेखाली आम्ही सगळे मार्गदर्शक,
कुणी कुणाला ओळखत नाही,
प्रत्येकाच्या हातात तीच निळी फाईल.
पोरं लांब लांब उभी, चेहरे घेऊन आलेली,
त्यांचं काय करायचं ते न कळून.

दीक्षिताने कुणाला तरी वेळ विचारली.
पुढचा उंच पोरगा गर्रकन वळला.
"बर्फ?"
तिने डोळे बारीक केले, पुन्हा एकदा त्याला बोलायला लावलं,
आणि ओरडली, "कोंबडा! दापोलीचा कोंबडा!"
गणिताच्या प्रत्येक तासाला
त्याच्या माईकमागून आरवायचा तो.

घंटा झाली, पोरं आत गेली.
मी सरकत सरकत त्याच्या आईशेजारी जाऊन बसले.
विचारलं, आहे का हो अजून?
"कसला," ती म्हणाली,
"शिमग्याला पावणे आले."